डॉक्टरांचा संध्याकाळचा निरोप

आमच्या घरात डॉक्टर एकच, आणि तो मी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, तुम्हाला अधिकार काय होता? काही नव्हता. मी शैला देगलूरकर, डॉक्टर उदय देगलूरकरांची बायको. लग्न होऊन हैदराबादला आले तेव्हापासून सुलतान बाजारातल्या दवाखान्यात नंबर लावायचे, फोन घ्यायचे आणि भांडायचं, एवढं माझ्याकडे. भांडायचं जास्त. "मी पहिला आलो" म्हणून मध्येच घुसणाऱ्याला मी असं काही सुनवायची की आतून हे ओरडायचे, "शैला, पेशंट आहे गं तो, चोर नाही!"

दवाखाना म्हणजे कापड-दुकानांच्या रांगेतली एक मलगी. गाळ्याला इकडे मलगी म्हणतात. पुढे दोन बाकं, मागे ह्यांची खोली. पेशंट निम्मे मराठी. नांदेड, बिदर, परभणीकडून आजोबा-पणजोबांच्या वेळी इथे नोकरीला आलेली घरं ती. बाकी तेलुगू, मारवाडी, मुसलमान, सगळेच. ह्यांची पद्धत एक होती. पेशंटला झोपवायचं आणि आधी पोटावर हात ठेवायचा. डोकं दुखत असलं तरी पोटावर. त्याने काय कळायचं देव जाणे, पण हात ठेवला की माणूस निम्मा बरा व्हायचा. मी चेष्टा करायची, फी हाताची घेता की औषधाची?

करोना आला आणि तो हात गेला. आधी दारात आडवं टेबल आलं. मग टेबलावरून छतापर्यंत प्लास्टिकचा पडदा. मग पेशंटची खुर्ची फुटपाथवर आणि हे आतून ओरडून विचारायचे, "जुलाब किती वेळा झाले?" तो बिचारा बाहेरून ओरडून सांगायचा आणि समोरचा साडीवाला मान डोलवायचा. बायका तर तोंडच उघडेनात. दुसऱ्या लाटेत तेही बंद झालं. शटर खाली ओढलं आणि दवाखाना तारनाक्याच्या आमच्या घरी आला, जेवणाच्या टेबलावर, दोन फोनांत.

ह्यांच्या हाताखाली अपर्णा होती, डॉक्टर अपर्णा. हुशार पोरगी. तिने तिच्या घरून काम वाटून घेतलं. पेशंट बोटाला ऑक्सिमीटर लावून त्याचा फोटो पाठवायचे, ती बघून औषध कळवायची. पण कळवायचं कसं, हा घोळ झाला. मराठीत लिहावं तर घरातल्या पोरांना वाचता येत नाही, शाळा सगळ्या इंग्रजी. इंग्रजीत लिहावं तर म्हातारे आमच्याकडेच फोन करून विचारणार, काय लिहिलंय हो? मग हे म्हणाले, आवाजच पाठवतो. आवाज सगळ्यांना कळतो.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला हे फोन तोंडाशी धरून बसायचे. एकेका पेशंटला नावाने निरोप. काय खाल्लं, पालथे पडलात का, सुनेवर चिडू नका. दवाखान्यातला हात आता असा जायला लागला घरोघर. लोकांना त्याची सवयच लागली. निरोप यायला उशीर झाला की फोन सुरू, डॉक्टर बरे आहेत ना?

डॉक्टर बरे नव्हते. एके दिवशी ताप आला, मग धाप. सिकंदराबादच्या एका दवाखान्यात बेड मिळाला. निघताना ह्यांनी स्वतःचा मोठा फोन माझ्या हातात दिला, साधा बटणांचा घेऊन गेले. म्हणाले, "मी ॲडमिट आहे हे कुणाला सांगू नको. अपर्णा आहे औषधाला. पण आपलाच डॉक्टर पडला म्हटल्यावर माणसं हातपाय गाळतील." मी म्हटलं, "आणि संध्याकाळी काय सांगू?" म्हणाले, "सांग काहीतरी. तू कधी गप्प बसलीयेस?"

मी सांगितलं नाही काही. ह्यांच्याकडूनच सांगवलं. जुने निरोप फोनमध्ये होतेच, प्रत्येकाचे नावासकट. नुसते पुढे ढकलले तर वर तसं लिहून येतं, म्हणून मी ते सगळे माझ्या फोनवर घेतले. संध्याकाळी माझ्या फोनवर वाजवायचे आणि ह्यांचा फोन शेजारी धरून पुन्हा रेकॉर्ड करायचे. पाठवून द्यायचे. कुणाला शंका आली नाही. अपर्णाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, हे बरोबर नाहीये." मी म्हटलं, "तू गोळ्यांचं बघ." अशीच बोलते मी. ती गोळ्यांचं बघायला लागली.

तिकडे ह्यांच्या तोंडावर मास्क बसला आणि बटणांचा फोनही बंद झाला. आणि मग एका सकाळी तिथून फोन आला, की गेले.

पुढचं मी सगळं केलं. कसं केलं विचारू नका, रेशनच्या रांगेत उभी राहिल्यासारखं केलं. रिक्षा मिळाली. कुठे सही करायची तिथे केली. स्मशानात किट घातलेला एक माणूस म्हणाला, "अम्मा, दूर से देख लो, नजदीक नक्को. वीडियो निकालूँ क्या घरवालों के वास्ते?" मी म्हटलं, नक्को. घरवाले म्हणजे मीच की. लांबून बघितलं. एक गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते म्हणाले हेच, म्हणून मी हात जोडले.

घरी आले, न्हाले, कपडे गरम पाण्यात टाकले. दूधवाला आला तर पिशवी गळत होती. मी त्याला धरून झापलं, "बघून आणता येत नाही? रोज रोज काय लावलंय हे?" नवरा जाळून आले होते आणि दुधाच्या पिशवीवरून भांडत होते. तेही नेहमीसारखं, आवाजसुद्धा कापला नाही. दार लावल्यावर मला माझीच चीड आली. रडू यायला हवं होतं. येत नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते.

दुपारी अपर्णाचा फोन आला. "सर कसे आहेत?"

"तसेच आहेत," मी म्हटलं.

का म्हटलं? धीर झाला नाही, दुसरं काही नाही. तिने कुसुमताईंचं, आमच्या एका जुन्या पेशंटचं, सांगितलं, मी हं हं करत राहिले. डोक्यात काही शिरत नव्हतं. ऑक्सिजन उतरलाय, बेड शोधतेय, असं काहीतरी ती बोलत होती. मी बरं म्हटलं आणि ठेवला.

दिवे लागले. वेळ झाली होती, म्हणून मी दोन्ही फोन घेऊन टेबलाशी बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचलंच नाही. एकेक नाव काढलं, वाजवलं, रेकॉर्ड केलं, पाठवलं. ह्यांचा आवाज त्या खोलीत भरून राहिला आणि मला काहीसुद्धा होत नव्हतं. एकनाथरावांना खिचडी खा. आबासाहेबांना सिगारेट आठवतेय ना, आठवू दे, ओढू नका. कुसुमताईंना, "हां कुसुमताई, उदय बोलतोय. घाबरायचं नक्को. पालथं पडायचं, पाणी पीत राहायचं. आणि शेजारणी काही का सांगेनात, कुठं जायचं नाही. घरातच बरं होतं हे." त्यात मागे आमच्या कुकरची शिट्टी होती. तेवढ्यात हे थांबून म्हणतात, "झाली वाटतं आमची डाळ." तोही गेला.

माझा फोन वाजला. अपर्णा होती आणि संतापली होती. इतकी चिडलेली मी तिला कधी ऐकली नव्हती.

"काकू, काय पाठवलंत तुम्ही कुसुमताईंना?"

"रोजचंच."

"मी दुपारी काय सांगितलं तुम्हाला? ऑक्सिजन पंच्याऐंशीवर आलाय त्यांचा! मरमर करून बेड मिळवलाय. ॲम्ब्युलन्स दारात उभी आहे आणि त्या म्हणतायत, आत्ताच डॉक्टर म्हणाले कुठं जायचं नाही. माझं ऐकत नाहीत, मुलाचं ऐकत नाहीत. तो बेड फार वेळ धरून ठेवणार नाहीत हो ते!" मग तिचा आवाज उतरला. "सरांना एक मिनिट बोलता येईल का? मास्क काढून? सिस्टरला विचारा ना. एवढंच म्हणायचंय, की जा."

"नाही येणार," मी म्हटलं.

"प्लीज विचारून तर बघा."

"बघते," म्हणून मी फोन ठेवला.

कुसुमताई म्हणजे कोण ते सांगायला हवं. ह्यांच्या अगदी सुरुवातीच्या पेशंट. मराठी शाळेत शिकवायच्या, आता दिलसुखनगरला मुलाकडे, विक्रमकडे राहायच्या. पहिल्या लाटेत त्यांच्या यजमानांना असंच गाडीत बसवून नेलं होतं. चालत जाऊन बसले होते ते, हात हलवला होता. परत काही आलं नाही, दुसऱ्या दिवशी फक्त फोन आला. त्यानंतर बाईंनी घरात सांगून ठेवलं होतं, मला त्या गाडीत घालाल तर माझं मढंच घाला. डॉक्टरांनी सांगितलं तरच जाईन, आणि डॉक्टर सांगायचे नाहीत मला. बाईंना स्वतःचा शब्द मोडायला लावील असा जगात एकच माणूस होता आणि त्याला मी सकाळीच पोचवून आले होते.

मी माझ्या फोनवर निरोप धुंडाळायला लागले. एवढे निरोप आहेत, कुणाला तरी कधी तरी म्हणाले असतीलच, की उठा, दवाखान्यात जा. नाव नसलं तरी चालेल. एक सोडून दुसरा, दुसरा सोडून तिसरा लावत गेले. पालथे पडा. काही होत नाही. झोप लागली का? हात आहे माझा, घाबरू नका. सगळं सापडलं, फक्त 'जा' सापडेना. मग आठवलं. ज्याला जायला सांगायचं त्याला हे निरोप पाठवायचेच नाहीत. थेट फोन लावायचे आणि झापायचे, "मी सांगतोय ना? ऊठ!" ते कुठे रेकॉर्ड होणार?

असा संताप आला मला त्यांचा. सगळ्यांना गोड बोलून बसलात आणि कामाचं तेवढं बरोबर घेऊन गेलात!

आता ह्यांचा फोन वाजायला लागला. विक्रम होता. रडवेला झाला होता पोरगा. पोरगा कसला, चाळिशीचा बाप्या.

"काकू, डॉक्टरांना द्या ना फोन. आई उंबऱ्यात बसलीय. ओठ निळे पडलेत तिचे. ड्रायव्हर बोलला, अजून पाच मिनट बघतो नाहीतर दुसऱ्या कॉलवर जातो."

"स्पीकरवर टाक," मी म्हटलं. "कुसुमताई, मी शैला. गाडीत बसा."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. एकेक शब्द खेचून आणत होत्या. "डॉक्टर… काय म्हणतात?"

"तेच म्हणतात, बसा."

"खोटं. आत्ताच म्हणाले… कुठं जायचं नाही."

"अहो, मी सांगते ना!"

"तुम्ही काय… डॉक्टर आहात?"

बाई बरोबर बोलत होत्या, त्याचाच मला राग आला. आयुष्यभर त्या दवाखान्याच्या दारात बसून सगळ्यांना दटावलं, आणि आज एका म्हातारीला गाडीत बसवता येत नव्हतं. मग मी बोलून टाकलं. ठरवलं वगैरे काही नाही, आलं तोंडातून.

"डॉक्टर नाहीत, कुसुमताई. गेले. आज सकाळी गेले."

तिकडे विक्रम "काय?" म्हणून ओरडला.  कुसुमताई श्वास गोळा करून म्हणाल्या, "वहिनी… तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नका. मला घालवायला… नवऱ्याचं असं बोलता?"

"खरं सांगते मी."

"आत्ता बोलले ते माझ्याशी! माझं नाव घेऊन!"

"तो जुना निरोप होता. मी पाठवला."

"शपथ घ्या."

"कुणाची घेऊ?" मी ओरडले. "ज्यांची घ्यायची तेच मेले ना! माझ्या हातांनी पोचवून आले! लांबनं बघितलं, तोंडसुद्धा दाखवलं नाही मला. मेले हो, कुसुमताई, मेले!"

दिवसभरात तो शब्द मी पहिल्यांदा बोलले. माझ्या कानांनी तो ऐकला. तरी त्या नाहीच म्हणत होत्या. नवरा मेला हे मी पटवतेय आणि एक म्हातारी धाप टाकत मला सांगतेय, की नाही, जिवंत आहेत, मी ऐकलंय. माझा फोन शेजारीच होता. मी तो निरोप काढला आणि ह्यांच्या फोनला लावून वाजवला.

"हां कुसुमताई, उदय बोलतोय…" शिट्टी झाली. "झाली वाटतं आमची डाळ."

संपल्यावर पुन्हा वाजवला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा शिट्टी व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "बंद करा."

मी बंद केलं.  कुणी तरी, ड्रायव्हर असणार, "जल्दी करो साब" म्हणत होता. मग कुसुमताईंनी विचारलं, "घरात… कोण आहे तुमच्याजवळ?"

"कुणी नाही."

"शर्वरी?"

शर्वरी आमची लेक, पुण्याला असते. "ती तिकडेच आहे."

"तिला सांगितलंत?"

 काय सांगणार? लेकीच्या बाबतीतही मी तोच उद्योग केला होता. बाबा आजारी आहेत एवढं तिला ठाऊक होतं, पण तिलाही रोज संध्याकाळी बाबांचा निरोप जायचा, आजसुद्धा गेला होता.

"सांगितलंत का… वहिनी?"

"नाही."

"म्हणजे मला… आधी सांगितलं?" बाईंना खोकल्याची उबळ आली. विक्रम म्हणत होता, आई, चल, आई, बोलू नको. त्याला बाजूला सारून त्या म्हणाल्या, "तिला सांगा. आत्ता. मला ऐकू येऊ दे. मग मी… बसते."

"आधी तुम्ही बसा, मग करते."

"करायच्या नाहीत तुम्ही. ओळखते मी… तुम्हाला. सांगा आधी."

अशी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही. तिथे तिचा जीव चाललाय आणि ही मला अटी घालतेय. मी चार शिव्या घालणार होते. पण तेवढा वेळ कुठे होता? ह्यांचा फोन तसाच चालू ठेवून टेबलावर ठेवला आणि माझ्या फोनवरून शर्वरीला लावला. दोनदा चुकीचंच नाव दाबलं.

तिने पहिल्याच घंटीला उचलला. "आई! अगं, बाबांचा निरोप आत्ताच ऐकला. किती छान वाटतोय आवाज आज. धाप नाही, काही नाही. बरे होतायत ना?"

"शरू, खाली बस," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

टेबलावरच्या फोनमधून कुसुमताईंचा श्वास येत होता. त्या थांबल्या होत्या.

"बाबा गेले, शरू. सकाळीच. मी पोचवून आले त्यांना."

 टेबलावरच्या फोनमध्ये कुणी उठल्यासारखी हालचाल झाली. विक्रम म्हणाला, "हळू, आई, मला धर." पावलं, मग ड्रायव्हरचं काहीतरी, मग गाडीचं दार धाडकन लागलं. फोन कट झाला.

"आई," शर्वरी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहानपणीचा झाला होता. "मग आत्ता माझ्याशी कोण बोललं गं?"

"मी," मी म्हटलं. "मीच बोलले गं, बाळा." आणि मग मला रडू आलं.